कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून गाडीत अँप्लिफायर बसवताना

पूर्वी गाडीतला आवाज सुधारायचा म्हणजे पहिली कुऱ्हाड स्टिरिओवर पडायची. जुना डबा ओढून काढला, नवा सरकवला, मागच्या आरसीए पिनांतून (अँपला सिग्नल देणाऱ्या गोल पिना) वायर डिकीत नेली की काम झालं. आता डॅशबोर्डमधल्या स्क्रीनवरच रिव्हर्स कॅमेरा दिसतो, स्टिअरिंगवरची बटणं तिलाच जोडलेली असतात, काही गाड्यांत एसीची सेटिंगसुद्धा तिच्यातच. ती उपटायची गरजही नाही. स्टिरिओ जागेवर ठेवून त्याच्यामागे अँप, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवून स्पीकरला देणारा अँप्लिफायर, जोडता येतो.

मी माझ्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये चार चॅनलचा (चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा) छोटा क्लास डी (कमी तापणाऱ्या प्रकारचा) अँप शेजारच्या सीटखाली बसवला. नंतर मेव्हण्याच्या गाडीत एका दुकानदाराने बसवून दिलेला अँप सगळा उसवून पुन्हा बसवला. जास्त शिकायला मिळालं ते या दुसऱ्या कामात. त्या गाडीत बॅटरीपासून निघालेल्या लाल वायरला फ्यूजच नव्हता. वायर दाराच्या बिजागरीजवळून आत घेतलेली, आणि दार उघडझाक होऊन होऊन तिचं प्लॅस्टिक एका जागी इतकं झिजलेलं की आतली तार चकाकत होती. ती पत्र्याला टेकली असती तर मध्ये अडवायला काही नव्हतं. गाडीची लहान बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की काहीशे अँपिअर सोडते. मेव्हणे तेव्हा म्हणत होते, "बास मस्त आहे पण." म्हणून या लेखात बासच्या गप्पा कमी आणि फ्यूज, वायर, अर्थ (गाडीच्या पत्र्याला दिलेली मायनस जोडणी) यांच्याच जास्त आहेत.

वॅटचा हिशोब

कंपनी स्टिरिओच्या माहितीत "४ × ५० वॅट" लिहिलेलं असलं तरी तो क्षणिक कमाल आकडा असतो. गाडी सुरू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओमधली चिप ब्रिज पद्धतीने (स्पीकरच्या दोन्ही टोकांना ताकद देऊन) जोडलेली असली तरी ४ ओहमच्या स्पीकरवर यातून कागदोपत्री जेमतेम २६ वॅट निघतात, आणि चिपमधला तोटा वजा जाता हातात १८-२० वॅट आरएमएस (सतत टिकणारी ताकद) उरतात. त्यापुढे व्हॉल्यूम वाढवला की आवाज वाढत नाही, फाटतो.

५० वॅट आरएमएसचा अँप लावला म्हणून आवाज अडीचपट होत नाही, हेही आधीच सांगतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. फरक पडतो तो ढोलकीच्या थापेला, तबल्याच्या बायाला, म्हणजे जिथे क्षणभर जास्त ताकद लागते तिथे. हायवेला काचा बंद करून ८०-९० च्या वेगात गाणं ऐकलं की तो फरक लगेच कळतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फारसा कळणार नाही.

गाडीत कंपनीनेच वेगळा अँप दिलेला असेल (महागड्या मॉडेलमध्ये, नामांकित ऑडिओ ब्रँडचं नाव दाराच्या जाळीवर असतं तिथे), तर खालची पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे स्टिरिओतून स्पीकरला थेट सिग्नल जात नसतो.

सिग्नल कुठून घ्यायचा

कंपनी स्टिरिओला आरसीए आउटपुट सहसा नसतं. असतात फक्त स्पीकरच्या आठ वायरी: चार स्पीकर, प्रत्येकी एक प्लस, एक मायनस. यांतून सिग्नल घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, अँपलाच हाय लेव्हल इनपुट असतो, त्यात या वायरी थेट जातात. दोन, मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर नावाचा छोटा डबा लावून स्पीकरचा सिग्नल आरसीएमध्ये बदलायचा. अजून अँप घेतलेला नसेल तर हाय लेव्हल इनपुटवालाच घ्या. जितके जोड कमी तितकी डोकेदुखी कमी.

एक गोष्ट पाठ करून ठेवा. स्टिरिओच्या स्पीकर वायरमधली मायनस ही अर्थ नसते. ब्रिज जोडणीमुळे प्लस आणि मायनस दोन्हींवर सुमारे ६-७ व्होल्ट डीसी कायम असतो. घरच्या जुन्या टेपसारखं समजून चार मायनस एकत्र पिळून बॉडीला लावले की स्टिरिओची आउटपुट चिप गेली. मात्र याच डीसीचा एक फायदा आहे. बरेच अँप हाच व्होल्टेज ओळखून आपोआप चालू होतात, वेगळी रिमोट वायर (अँपला चालू-बंद व्हायला सांगणारी) ओढावी लागत नाही. ज्या अँपमध्ये ही सोय नसते त्याला फ्यूज बॉक्समधून अशी लाइन द्यावी लागते जी चावी फिरवल्यावरच जिवंत होते. त्यासाठी फ्यूजच्याच खाचेत बसणारा, दुसरा फ्यूज लावता येणारा टॅप बाजारात मिळतो. मूळ वायर सोलून तिला दुसरी गुंडाळू नका.

खरेदी

माझा अँप ४ × ५० वॅटचा, म्हणजे एकूण २००. क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो २५० वॅट ओढणार, १३.८ व्होल्टला भागलं की १८ अँपिअर. हाच अँप जुन्या क्लास एबीचा असता तर ६० टक्क्यांच्या हिशोबाने २४ अँपिअर झाले असते आणि सीटखाली चांगलीच उष्णता साठली असती. १८ अँपिअरला ८ गेज जाडीची तांब्याची वायर पुरते. ४ मीटर लांबीत ती साधारण ०.१५ व्होल्ट खाते.

"तांब्याची" हा शब्द महत्त्वाचा. तयार वायरिंग किटमध्ये बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असतं. पाकिटावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. पांढरी चमक दिसली तर अॅल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, शिवाय दमट हवेत तिचे जोड लवकर काळे पडतात. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर ती घेऊच नका. मी किट न घेता पुण्यात तपकीर गल्लीत सुटी वायर, थिंबल (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि फ्यूज होल्डर वेगवेगळे घेतले. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

स्टिरिओमागे लावायला तुमच्या गाडीच्या मॉडेलचा नर-मादी कपलर (वायरींचा तयार जोड) शोधा. हा मिळाला तर कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही आणि गाडी विकताना सगळं काढून पूर्ववत करता येतं. वॉरंटीचा प्रश्नही याच कपलरवर अडलेला असतो. कापलेली वायर सर्व्हिस सेंटरवाल्याला पहिल्या नजरेत दिसते. याशिवाय प्लॅस्टिकच्या पट्ट्या (पॅनल उचकटायला, स्क्रू ड्रायव्हरने कडा फाटतात), दहाचा पाना, बरा क्रिंपिंग प्लायर, कापडी टेप, केबल टाय, वायरवर चढवायची नालीदार नळी आणि मल्टिमीटर. नळीवर कंजुषी नको. पावसाळ्यात उबेला बोनेटखाली शिरणारे उंदीर काय करतात ते ज्याच्या गाडीची वायर त्यांनी कुरतडली आहे त्याला विचारा.

लाल वायर

चावी काढा, दहाच्या पान्याने बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडा आणि कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. मायनस आधी सोडायचं, शेवटी लावायचं. काही गाड्यांत यानंतर घड्याळ आणि काचांचं ऑटो फंक्शन पुन्हा सेट करावं लागतं, एवढंच.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात कंपनीच्या वायरिंगचा जाड रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेपासून वायर वाचवणारी कडी) असतो. त्याच्या कडेला बऱ्याचदा एक न कापलेली बोंडी असते. तिचं टोक कापून तिथून वायर आत घ्या. सायकलचा जुना स्पोक किंवा कपड्यांच्या हँगरची तार आधी आतून बाहेर काढायची, तिला वायरचं टोक टेपने बांधायचं आणि ओढायचं. बोंडी नसेल तर नवं भोक पाडून त्यात नवा ग्रोमेट. उघड्या पत्र्याच्या कडेवरून वायर नेणं म्हणजे सुरीवर ठेवणं. दाराच्या फटीतून तर नाहीच.

फ्यूज होल्डर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा. हा फ्यूज अँप वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो वायरच्या सुरुवातीलाच हवा. डिकीत अँपशेजारी लावून त्याचा उपयोग नाही. मी ३० अँपिअरचा लावला. अँपवर जेवढ्याचा फ्यूज असेल तेवढा किंवा एक पायरी वरचा चालतो, पण वायर सोसते त्याहून मोठा कधीच नाही. फ्यूज वारंवार जातोय म्हणून मोठा टाकणाऱ्यांना मी गाडीला हात लावू देत नाही. सगळं काम होईपर्यंत होल्डर रिकामाच ठेवा.

केबिनमध्ये वायर दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिक पट्टीखालून जाते. इथे पिवळ्या नळीतली किंवा पिवळ्या कपलरची वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला हात लावायचा नाही, तिच्यावर केबल टाय बांधायचा नाही. सीटखालीही असाच पिवळा कपलर असू शकतो. तो सुटला असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि स्कॅनरशिवाय जात नाही.

बॉडी अर्थ

गाडीतल्या अँपच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथून सुरू होतात, असं माझं मत आहे. माझीही इथूनच सुरू झाली. आळस केला आणि काळी वायर सीटच्या बोल्टखाली दाबली. गाणं लागलं, छान वाजलं. इंजिन सुरू केलं तर उजव्या स्पीकरमधून बारीक "कुंईंई". अॅक्सिलेटर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. तो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) गात होता.

सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट अर्थसाठी वापरू नयेत. एक तर ते सुरक्षेचे बोल्ट, ठरावीक ताणाने आवळलेले. आणि त्यांच्या आट्यांत रंग किंवा चिकट द्रव्य असतं, त्यामुळे पत्र्याशी संपर्क धड होत नाही. गालिचा उचला, मजल्यावर कंपनीचाच एखादा अर्थ पॉइंट दिसतो का पाहा. नसेल तर अँपपासून ४५ सेंटिमीटरच्या आत जाड पत्र्याची जागा निवडा. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघा, कारण मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि मजल्याखालून ब्रेकचे पाइप जातात. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासा. आधी रंग निघेल, मग करडा प्रायमर. इथे बहुतेक जण थांबतात. प्रायमरही जाऊन पत्रा चांदीसारखा उघडा पडला पाहिजे. त्यावर थिंबल, दातेरी वायसर, बोल्ट, आणि आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीसचा लेप, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज.

काळी वायर लाल वायरइतक्याच जाडीची हवी. ती थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यायचा मोह टाळा. ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात त्यांच्या मायनस टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर असतो. आपली वायर त्याच्या अलीकडे, म्हणजे थेट बॅटरीच्या टोकाला लागली तर अँपने ओढलेला करंट त्याला दिसतच नाही आणि बॅटरीचं गणित चुकतं.

अर्थ चांगला झाला का, हे मल्टिमीटरच्या ओहममध्ये तपासू नका. स्वस्त मीटरच्या दोन वायरींचाच रोध ०.३-०.५ ओहम असतो, त्यात अर्थचा काही कळत नाही. सगळं जोडून झाल्यावर गाणं मोठ्याने लावा आणि अँपचं मायनस टर्मिनल आणि बॅटरीचं मायनस यांच्यातला डीसी व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.२ च्या वर गेला तर पुन्हा घासा.

स्टिरिओच्या मागे

डॅशची पट्टी प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवा, चार स्क्रू काढा, स्टिरिओ पुढे ओढा. नवा कपलर मध्ये लावला की स्पीकरच्या वायरी दोन भागांत विभागतात: स्टिरिओकडून येणाऱ्या आठ अँपच्या इनपुटला, आणि अँपच्या आउटपुटच्या आठ परत दारांकडे जाणाऱ्या मूळ वायरींना. सोळा वायरी सीटखालून ये-जा करतात, त्यामुळे ओढायच्या आधी प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. मी "लक्षात राहील" म्हणालो होतो. नाही राहिलं.

कोणती वायर कोणत्या स्पीकरची आणि प्लस कोणती, हे घड्याळाच्या १.५ व्होल्टच्या सेलने कळतं. दाराकडे जाणाऱ्या जोडीला सेल क्षणभर टेकवा, कोणत्या दारातून "टक्" येतं ते ऐका. जाळी काढून कोन बघता आला तर तो बाहेर झेपावला की सेलचं प्लस टोक जिथे, ती वायर प्लस. आत ओढला गेला तर उलट. ही चाचणी कपलर स्टिरिओपासून सुटा असतानाच करायची. एका दाराचा प्लस-मायनस उलटा लागला तर काही जळत नाही, पण दोन्ही स्पीकर एकमेकांचा बास खातात आणि तुम्ही उगाच अँपला दोष देत बसता.

जोड क्रिंप करा किंवा डाग द्या, वर हीट श्रिंक. नुसत्या पिळून चिकटपट्टी मारलेल्या वायरी उन्हाळ्यात डॅशमागे सुटतात. पट्टीचा गोंद वितळून वाहतो. आणि सिग्नलच्या वायरी लाल वायरच्या उलट बाजूने न्या. लाल डावीकडून आली असेल तर या मधल्या कन्सोलखालून.

स्टिरिओ लावल्यावर एखादा चॅनल मुकाच राहिला तर घाबरू नका. काही स्टिरिओ पलीकडे स्पीकर आहे की नाही हे तपासतात आणि अँपचा इनपुट त्यांना स्पीकरसारखा दिसत नाही. त्या चॅनलच्या प्लस-मायनसमध्ये ४७ ओहमच्या आसपासचा, ५ वॅट किंवा मोठा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर लावला की बहुधा काम होतं. तो गरम होतो, प्लॅस्टिकला टेकू देऊ नका.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

आता बॅटरी जोडा, मग होल्डरमध्ये फ्यूज. गेनचं बटण (येणारा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते ठरवणारं) किमानवर ठेवूनच चावी फिरवा. दिवा लागला आणि धूर, वास, खरखर काही नाही, तर पुढे.

गेन कानाने ठरवला की तो नेहमी जास्तच ठेवला जातो. मीटरने ठरवा. सूत्र सोपं आहे: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. नव्या ५० वॅटच्या ४ ओहमच्या स्पीकरसाठी २०० चं वर्गमूळ, म्हणजे १४.१ व्होल्ट. दारात कंपनीचेच कागदी कोनाचे स्पीकर असतील तर त्यांना २५ वॅटवर बांधून ठेवा: १०० चं वर्गमूळ, १० व्होल्ट.

स्टिरिओचे बास, ट्रेबल, इक्वलायझर सगळे शून्यावर, वेगानुसार आवाज वाढवणारं सेटिंग बंद, बॅलन्स मध्यभागी. अँपचे फिल्टरही आत्ता बंद. अँपचा आउटपुट प्लग काढून स्पीकर सुटे करा. पेन ड्राइव्हवर ४०० हर्ट्‌झचा ० डेसिबलचा टोन घ्या. इंटरनेटवर १००० हर्ट्‌झ सुचवतात, पण स्वस्त मल्टिमीटरचा एसी व्होल्टेज ४०० हर्ट्‌झपर्यंतच भरवशाचा असतो. इंजिन सुरू ठेवून स्टिरिओचा व्हॉल्यूम कमालच्या तीन चतुर्थांशावर न्या, ४० पैकी ३०. मीटर एसीवर, अँपच्या आउटपुटवर. गेन हळूच वाढवत ठरलेल्या आकड्यावर थांबा. इंजिन चालू ठेवून हे पार्किंगच्या तळघरात करू नका, मोकळ्या जागेत करा.

मग फिल्टर. दारातल्या स्पीकरना हाय पास (ठरलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा) ८० हर्ट्‌झवर. खालचा धडधडाट त्यांच्याकडून काढून घेतला की मधला आवाज एकदम मोकळा होतो. पैसे न लागता सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. पुढे सबवूफर (फक्त बाससाठीचा स्पीकर) लावलात तर त्याला लो पास (वरचे सूर अडवणारा) तिथेच. फक्त एक अडचण येते: बरेच कंपनी स्टिरिओ स्वतःचे लहान स्पीकर वाचवायला व्हॉल्यूम वाढेल तसा बास कमी करत जातात, आणि तोच कापलेला सिग्नल सबला मिळतो. त्यावर इलाज म्हणजे डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने दुरुस्त करणारी चिप) असलेला अँप.

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर आणि ८० व १२० च्या वेगाचा इशारा सक्तीचा आहे. काही गाड्यांत असे आवाज स्टिरिओच्या स्पीकरमधूनच येतात. रिव्हर्स टाकून, फोन लावून ते नीट ऐकू येतात ना, फार मोठे झाले नाहीत ना, हे पॅनल बंद करण्याआधी बघून घ्या.

पहिली रात्र

गाडी बंद करून लॉक केल्यावर अँप खरंच झोपतो का? बॅटरीचं मायनस सोडून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये जोडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे गाडीतले बाकीचे संगणक झोपतील. या काळात दार उघडायचं नाही आणि गाडी सुरू करायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. अर्धा-एक अँपिअर दिसला तर अँप जागा आहे: रिमोटची लाइन चुकीच्या, कायम जिवंत फ्यूजवरून घेतली आहे. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्यात दीड ते तीन दिवसांत पूर्ण उतरेल.

पंधरा दिवसांनी, एखाद्या लांबच्या फेरीनंतर, बोनेट उघडून फ्यूज होल्डरला हात लावा. कोमट असेल तर चालतं. चटका बसला तर आतला स्क्रू सैल आहे. तो आणि अर्थचा बोल्ट पुन्हा आवळा. ३० अँपिअरचे दोन जादा फ्यूज ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा. मेव्हण्यांच्या गाडीतही मी टाकले आहेत, वर चिठ्ठी लिहून: "उडाला तर मोठा टाकू नका, मला फोन करा."